टाचेवरचा बिब्बा

भाऊजी,

तुमचं तेरावं आटोपलं, पंगती उठल्या, मोठी पातेली घासायला गॅलरीत गेली, तेव्हा तुमच्या सुमनने मला मोरीपाशी गाठलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, खरं सांगा. माझ्या बिब्ब्यानं झालं का?"

हा प्रश्न ती कधीतरी विचारणार हे तुम्हांला ठाऊक होतं. इस्पितळातल्या खाटेवर बसून तुम्ही मला बजावलं होतं की तिने विचारलंच तर सरळ नाही म्हणायचं आणि विषय बदलायचा. मी होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता. माझ्या स्वभावाप्रमाणे मी तुमच्या चादरीची घडी नीट करत राहिले, आणि आपलं ते भांडण तिथेच अर्धं राहिलं.

मला लिहिण्याची सवय नाही. मी आयुष्यभर इतरांच्या अहवालांसाठी काचपट्ट्या तयार करून दिल्या. नाचाच्या मंडळाने गणपतीच्या अंकासाठी तुमच्यावर काही लिहून मागितलं तेव्हा घरातल्यांनी माझं नाव पुढे केलं, कारण मी शिकलेली. तुम्ही गिरणीच्या साचाखात्यात, मागांवर, कधी लागलात, जाखडी नाचाच्या फेरात पहिल्यांदा कधी उभे राहिलात, हे मंडळातले लोक माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला फक्त त्या अर्ध्या राहिलेल्या भांडणाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. सुमनला वाचून दाखवूनच मी हे छापायला देणार आहे.

पण त्याआधी एक कृतज्ञता. ती तुमच्यासमोर मला कधी बोलून दाखवता आली नाही.

संप सुरू होऊन काही महिने झाले होते. तुमचे दादा गिरणीच्या टाइम ऑफिसात, तुम्ही साच्यांवर, दोघेही घरी. घोडपदेवच्या त्या खोलीत दोन कर्ते पुरुष दिवसभर बसलेले पाहण्याची कुणालाच सवय नव्हती. मी गिरगावातून लग्न होऊन आलेली, बी.एस्सी. झालेली, आणि ती पदवी पेटीत तळाशी ठेवून दिलेली. परळच्या एका इस्पितळात तपासणी विभागात माणसं घेणार आहेत, ही बातमी तुम्ही आणलीत. तुम्हीच मला घेऊन गेलात. वरच्या मजल्यावर मुलाखतीला बसलेल्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुली पाहून मी जिन्यावरूनच परत फिरले. तुम्ही खाली कठड्याला टेकून उभे होतात.

"आम्ही दोघं गिरणीच्या फाटकावर बसलोय," तुम्ही म्हणालात. "तुम्ही कुठल्या फाटकावर बसणार, वैनी? वर जा. नाय घेतलं तर दोघं मिळून खाली येऊ."

मी वर गेले. त्या जिन्याने मी पुढे निवृत्त होईपर्यंत चढत राहिले. शरीराचा काढलेला तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचे, ते काचेवर चढवून रंगवायचे आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे, हे माझं काम. काचेवर काय दिसतं ते डॉक्टर ठरवत. पण वर्षानुवर्षं ते पाहून मलाही बरंच कळू लागलं होतं.

इतकं कळत असूनही तुमची टाच मला दिसली नाही असं नातेवाईक माझ्यामागे म्हणतात. त्यांना मी काय सांगू? दिवाळीला तुम्ही वाकून माझ्या पायांना हात लावायचात. वहिनीने दिराचा तळपाय पाहावा असा प्रसंग आपल्या घरांत येतच नाही. आणि तळपाय पाहिले असते तरी मंडळातल्या साऱ्यांच्या टाचा मला सारख्याच दिसल्या असत्या. शहाबादी फरशीवर अनवाणी टाचा आपटून तालीम केली की भेगा पडतात, कुरूप होतं. मग बिब्बा तापवून त्याचं तेल टाचेवर टिपायचं, हा गावाकडून आलेला उपाय. तेल लागलं की ती जागा काळी पडते आणि कातडी निघून जाईपर्यंत काळीच राहते. धोबी कपड्यांवर ज्याने खूण करतो तोच हा बिब्बा. कधी तो उततो, फोड येतात, पाणी सुटतं. त्याचं कुणाला नवल नसतं. सुमनचा हात या कामात हलका, म्हणून मंडळातली माणसंही तिच्याकडूनच बिब्बा लावून घेत. तुमच्या टाचेला तर ती प्रत्येक गणपतीआधी लावायची.

तोवर आम्ही दादरला राहायला गेलो होतो. एका संध्याकाळी तुम्ही आलात, दाराशी चपला काढल्यात आणि आत येऊन बसलात. तुम्ही चाललात तिथे फरशीवर एक ओला, तांबूस ठसा उमटत गेला होता. मी विचारलं तर बिब्बा उतलाय म्हणालात. कधी लावला होता, तर गेल्या गणपतीत. आता शिमगा जवळ आला होता. मी पाय दाखवा म्हणाले. तुम्ही इतके लाजलात की तुमचे दादा हसू लागले.

"वैनींना पाय काय दाखवायचा? गुण जुळवायचेत काय?" तुम्ही म्हणालात.

मी दिव्याखाली तुमचा पाय पाहिला. कडेला फिका तपकिरी, आत गडद, मध्ये काळा आणि फुटलेला. कडा एका बाजूला ओल्या कागदावर शाई पसरावी तशी वाहत गेलेली. बिब्ब्याचा डाग असा कधी नसतो. जांघेत काही लागतं का एवढं विचारलं. तुम्ही सहज म्हणालात की हो, एक अवधाण आलंय, गाठीसारखं, पायाला जखम असली की येतंच. मी आत जाऊन गॅस बंद केला. त्यावर काहीही ठेवलेलं नव्हतं.

तुमच्या टाचेतून तपासणीला काढलेला तुकडा आमच्याच विभागात आला. माझ्या वरिष्ठ डॉक्टर म्हणाल्या की दुसऱ्या कुणाला तरी करू दे. मी नको म्हटलं. दुसऱ्या कुणी घाईत काप घेतले असते आणि एखादी घडी पडली असती, तर जाडी नीट मोजता आली नसती. तुमच्यासाठी करता येण्याजोगं माझ्या हातात तेवढंच होतं. ते मी केलं.

अहवाल आला त्या दिवशी आपण दोघे लोअर परळच्या एका बंद गिरणीच्या भिंतीपाशी बसलो होतो. आत कुठेतरी लोखंड कापण्याचा आवाज चालला होता. मॉल उभा राहणार असं तुम्हीच मला सांगितलंत. सर्जननी तुम्हांला मेलेनोमा हा शब्द सांगितला होता, टाचेचा मोठा भाग आणि जांघेतल्या गाठी काढाव्या लागतील हे सांगितलं होतं आणि शेवटी एक आकडा सांगितला होता: अशा शंभर माणसांतली पाच वर्षांनी किती उरतात तो. तो आकडा मी इथे लिहीत नाही. तुम्ही मात्र तो गावच्या पत्त्यासारखा पाठ केला होतात.

"हा आकडा काढला कशावरून?"

मी समजावून सांगितलं. डाग किती पसरलाय यावर फारसं अवलंबून नसतं. वरच्या थरापासून सगळ्यांत खालच्या वाईट पेशीपर्यंत खोली मोजतात. वर व्रण पडलाय का ते पाहतात. पेशी किती झपाट्याने दुभंगताहेत ते मोजतात. मग गाठीत काही पोचलंय का. ज्या डागाची खोली कमी, कातडी शाबूत आणि गाठी स्वच्छ, तो पुष्कळदा काढून टाकला की माणूस मोकळा होतो. एकेक गोष्ट वाढली की धोका वाढतो.

"म्हणजे कापडाचा पन्हा नाय, जाडी," तुम्ही म्हणालात. साच्यावर हात चालवलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळलं.

"आणि माझं सगळंच वाढलेलं."

मी मान डोलावली.

"मग मी त्या इतक्यातला, की बाकीच्यांतला?"

ते कुणालाच सांगता येत नाही, असं मी म्हणाले. आकडा शंभरांचा असतो, एकट्या माणसाचा नसतो. हे वाक्य मी इस्पितळात डॉक्टरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ते माझ्या तोंडून आपोआप निघालं. तुम्ही माझ्यावर चिडलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"संपात आम्हांला हेच ऐकवलं, वैनी. प्रत्येक सभेला, अजून थोडे दिवस. सांगता येत नाय, पण अजून थोडे दिवस. कुणी एकानं जरी सांगितलं असतं, की बाबांनो, जिंकायचं कठीण दिसतंय, तरी आम्ही बसलोच असतो कदाचित. पण कळून बसलो असतो. तो संप मागे घेतला असं आजपर्यंत कुणी सांगितलं नाय मला. अजून चालूच आहे तो." तुम्ही भिंतीकडे हात केलात. "आता परत वाट बघत बसायला मी तयार नाय. तुम्ही घरच्या. तुम्ही सांगा."

कुणाच्या तोंडावर काही स्पष्ट बोलायचं म्हटलं की माझा घसा बसतो, हे तुम्हांला माहीत होतं. तुम्ही थांबलात. मी म्हणाले, "बरं होण्यापेक्षा परत येण्याची शक्यता जास्त आहे. टाच काढली तरी."

"आणि नाय काढली तर?"

"मग शक्यता उरतच नाही."

"बस. एवढंच पायजे होतं." तुम्ही पायात चप्पल सरकवलीत. "काढू दे टाच. फेरात नाचायला माणसं हायत मंडळात. सुमनला नवरा एकच हाय."

थोडं चालल्यावर तुम्ही आणखी एक गोष्ट विचारलीत, जाता जाता विचारल्यासारखी. वर्षभर आधी आलो असतो तर? मी म्हणाले की जाडी कमी भरली असती. मग आपण भायखळ्याची बस पकडली. तुमच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते मला फार उशिरा समजलं.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ आपण सगळ्यांनी उधळपट्टी करावी तसा वापरला, भाऊजी. मांडीची कातडी लावलेल्या त्या टाचेवर तुम्ही काठी घेऊन चालायला लागलात. गणपतीत खुर्चीत बसून फेर शिकवलात, आणि एखाद्याचं पाऊल चुकलं की काठी फरशीवर आपटून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात. माझ्याकडे आलात की दारातूनच ओरडायचात की वैनी, तुमचा आकडा चुकला. मी हसायचे. प्रत्येक तपासणीला मी तुमच्या बरोबर येत होते आणि डॉक्टरांची बोटं जांघेवरून फिरताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. धोका सरला असं म्हणायला किती काळ जावा लागतो ते मला ठाऊक होतं. तुम्हांलाही होतं. तुम्ही मला विचारणं बंद केलं होतंत आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात तुमचे आभार मानले.

मग खोकला सुरू झाला. छातीचा फोटो मी उजेडासमोर धरला आणि खाली ठेवला. तुम्ही माझ्याकडे पाहून फक्त "बरं" म्हणालात.

शेवटच्या खेपेला इस्पितळात असताना सुमन चहा आणायला खाली गेली होती. तेव्हा तुम्ही बिब्ब्याचा विषय काढलात. तिच्या मनात येईल, तुम्ही म्हणालात, आज नाय तर उद्या. तिला सांगायचं की बिब्ब्याचा काही संबंध नव्हता.

मी म्हणाले, "अर्धं खरं आहे ते. त्याने झालं नाही."

"उरलेलं अर्धं नका सांगू."

मग मला भिंतीपाशी सांगायला लावलंत ते कशासाठी, असं मी विचारलं. इतकं धीट वाक्य मी तुमच्याशी कधी बोलले नव्हते.

"मी मरणार हाय. मला खरं चालतं. तिला जगायचंय." मग तुमच्या चेहऱ्यावर तो जुना मिश्कील भाव आला. "शिकलेल्या बायकांना सगळं बोलून मोकळं व्हायचं असतं. तुम्ही तेवढ्या शिकू नका."

मला म्हणायचं होतं की ती न सांगताही विचार करेल, आणि एकटीने शोधलेलं उत्तर खऱ्याहून वाईट असेल. मला म्हणायचं होतं की तुम्हांला संपात जे भोगावं लागलं तेच तुम्ही तिच्या वाट्याला ठेवून जात आहात. वाक्यं जुळेपर्यंत तुम्हांला खोकल्याची उबळ आली, नर्स आली, मागोमाग सुमन चहा घेऊन आली, आणि तुम्ही तिला सांगू लागलात की वैनी माझ्याशी भांडतायत, आजारी माणसाशी. ती माझ्याकडे पाहून हसली. चार दिवसांनी दुपारच्या वेळी तुम्ही गेलात. तेव्हा मी परळच्या रस्त्यावर होते, तुमच्यासाठी भात घेऊन निघालेले. डबा तसाच घरी परत आणला आणि तो उघडायला दोन दिवस माझा हात धजला नाही.

मोरीपाशी सुमनने विचारलं तेव्हा तुमचं वाक्य माझ्या कानात होतं. तरी मी तिला सांगितलं. एकदा सुरुवात केल्यावर घसा बसला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. बिब्ब्याने हा आजार होत नाही, तो आतून आला होता, हे आधी सांगितलं आणि ते दोनदा सांगितलं. मग म्हणाले, "पण टाच बिब्ब्याने काळी झालेली होती, म्हणून त्यातला वेगळा काळा आपल्याला ओळखता आला नाही. आणि फुटलं तेव्हा बिब्बा उतला म्हणालो. मंडळात सगळेच तसं म्हणाले असते. त्यात वेळ गेला."

"आधी कळलं असतं तर वाचले असते?"

"वाचण्याची शक्यता जास्त होती. वाचलेच असते असं नाही."

तिने नळाखालची बादली भरू दिली, नळ बंद केला, बादली उचलली आणि गॅलरीत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी गेले की चहा समोर ठेवायची आणि आतल्या खोलीत निघून जायची. तुमचे दादा मला म्हणाले, "जन्मभर गप्प बसलीस. तेवढं एकदा आणखी गप्प बसायला काय झालं होतं?" त्या दिवसांत मी रोज तुमच्याशी भांडले, आणि रोज तुमचीच बाजू मला खरी वाटू लागली. तुमचा नकार मोडून मी तिला काय दिलं? एक अशी गोष्ट, जी धुऊन काढता येत नाही. तुम्ही असतात तर तुम्ही तिला हसवलं असतंत. मला ते येत नाही.

गेल्या रविवारी मंडळातली माणसं घोडपदेवला आली. मीही तिथे होते. वर्ष दुखवट्याचं, यंदा फेर धरायचा की नाही, हे सुमनला विचारल्याशिवाय त्यांना ठरवायचं नव्हतं. बबन बोलत होता, तुमच्या जोडीने इतकी वर्षं फेरात उभा राहिलेला. सुमनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की धरा, त्यांना आवडलं नसतं न धरलेलं. पण आधी पाय दाखवा.

कुणाला काही कळेना. तिने गॅलरीत घमेलं ठेवलं, त्यात गरम पाणी ओतलं, टाचा घासायची वजरी आणली आणि पाटावर बसली. एकेकाला समोर बसवून ती त्याचा पाय भिजवत होती, वजरी हलक्या हाताने फिरवून बिब्ब्याची मेलेली काळी कातडी काढत होती आणि खालची कातडी बोटाने चाचपत होती. आपल्यापेक्षा वयाने मोठी माणसं पाय मागे ओढत होती. वैनी, पायाला कसले हात लावता, असं म्हणत होती. एकजण म्हणाला की सुमनवैनी पाय बघून लगीन जमवणार दिसतंय. कुणी हसलं नाही; तीसुद्धा नाही. टाच स्वच्छ निघाली की ती म्हणायची, उठा. आणि पुढच्याला सांगायची की यापुढे बिब्बा लावायला माझ्याकडे यायचं नाही.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. बबनच्या पायाला तिला वेळ लागला. तिने पाणी बदललं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पाहिलं. मग वर न पाहता म्हणाली, "ताई, इकडे बगा. ह्याची सगळी निघाली. एवढंच रायलं."

तेराव्यानंतर ती माझ्याशी बोललेली ही पहिली वाक्यं होती. मी चष्मा लावून तिच्या शेजारी खाली बसले आणि बबनची टाच उजेडाकडे वळवली. तिळाहून थोडा मोठा डाग होता. कातडी शाबूत होती.

"काय हाय, वैनी?" बबन म्हणाला. "काय असेल ते सांगा."

सुमन माझ्याकडे पाहत होती. तिने त्याचा घोटा दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

"ठाऊक नाही," मी म्हणाले. "उद्या सकाळी माझ्याबरोबर परळला या. कळेल ते जसंच्या तसं सांगेन."

"सांगतील त्या," सुमन म्हणाली, आणि कोरडं फडकं घेऊन तिने त्याचा पाय पुसला.